'हो हो' म्हणण्याचा थकवा

पत्राचा सारांश: पत्रलेखक ४७ वर्षांचे आहेत आणि तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून काम करतात. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांचा डावा कान गच्च बंद वाटला. नेहमीप्रमाणे मोबाइल डाव्या कानाला लावला, तर समोरून काहीच येईना. फोन बिघडला असं वाटून त्यांनी तो उजव्या कानाला लावला आणि आवाज स्वच्छ आला. सर्दी असेल, मळ असेल म्हणून काही दिवस वाट पाहिली. आईने लसणाचं तेल कोमट करून कानात घातलं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाईपर्यंत तीन आठवडे उलटले होते. स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली, पण फारसा फरक पडला नाही. एमआरआय सांगितला होता, तो राहून गेला. आता डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि रातकिड्यांसारखी किर्र मात्र चोवीस तास चालू असते. उजवा कान चांगला आहे. बायको, मुलगा आणि आई यांच्याशिवाय हे कोणालाच माहीत नाही. गेल्या महिन्यात पिग्मी एजंट भरणा तोंडी सांगत होता, तेव्हा 'सात'चं 'साठ' ऐकलं गेलं आणि रोकड जुळवता जुळवता रात्रीचे नऊ वाजले. बायको म्हणते, तुमचं लक्षच नसतं. टाळांचा आवाज टोचतो म्हणून गुरुवारचं भजनही सुटलं आहे, आणि सकाळी उठावंसं वाटत नाही. ते लिहितात, 'नीट कळलं नाही तरी मी हो हो म्हणून मान हलवतो. वेळेत गेलो असतो तर कान वाचला असता ना? नोकरी सोडून भावाच्या दुकानात बसावं का? आणि लोकांनी बहिरा म्हणण्यापेक्षा आपणच कमी मिसळलेलं बरं, यात चूक काय?'

नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मी अडले ते त्यांच्या आधीच्या वाक्यापाशी. कळलं नाही तरी तुम्ही 'हो हो' म्हणता, त्या वाक्यापाशी. त्याकडे येतेच. आधी त्या तीन आठवड्यांचं बोलू, कारण तो काटा तुमच्या मनात रुतून बसलेला दिसतोय.

तुम्हाला जे झालं त्यात बिघाड होतो अंतर्कर्णात, म्हणजे पडद्याच्याही पलीकडे, हाडाच्या आत बसलेल्या शंखाच्या आकाराच्या अवयवात. आवाजाचं मज्जातंतूंना कळेल अशा संदेशात रूपांतर करणाऱ्या केसपेशी तिथे असतात. एका कानात त्या जेमतेम पंधरा हजार असतात आणि माणसाच्या कानात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन स्वरपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा अधिक घट झाली की डॉक्टर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. विषाणूचा संसर्ग, कानाच्या रक्तपुरवठ्यात अडथळा अशी कारणं असावीत असं मानलं जातं, पण दहांतल्या नऊ रुग्णांत नेमकं कारण सापडतच नाही. तेव्हा तुम्ही काही वावगं खाल्लंत, गार वाऱ्यात गाडी चालवलीत म्हणून हे झालं, हा विचार आजच सोडून द्या.

वेळेत गेलो असतो तर? यावर मी 'नाही हो, काही फरक पडला नसता' असं म्हणणार नाही. ते खोटं ठरेल आणि तुम्हालाही ते पटणार नाही. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलेल्यांपैकीही काहींचा कान परत येत नाही, आणि एकही गोळी न घेता काहींचा आपोआप येतो. तुमचा कोणत्या गटात गेला असता, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. या हिशेबात एक आकडा कायमचा कोरा राहणार आहे. रोज रात्री तो भरायला बसू नका.

आणि ते लसणाचं तेल. पडद्याला भोक नसेल तर तेल पडद्यापाशीच थांबतं, आत पोहोचत नाही. तुमचा कान तेलाने गेला नाही. हे तुम्ही आईंना सांगितलंय का? पत्रात तेलाचा उल्लेख करून तुम्ही लगेच पुढच्या ओळीवर गेलात, आईंना काय वाटलं असेल याबद्दल एक शब्दही नाही. ज्या हाताने तेल घातलं तो हात गेले सात महिने काय विचार करत असेल? त्यांच्याजवळ बसून एकदा स्पष्ट सांगा, 'आई, तेलाने काही झालेलं नाही, डॉक्टरही तसं म्हणत नाहीत.' तुमच्या घरातलं अर्धं ओझं त्या वाक्याने उतरेल असं मला वाटतं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे थोडं थांबते. एक कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून 'म्' असा लांब हुंकार काढा, ॐ म्हणताना शेवटी काढतो तसा. हुंकार बंद झालेल्या कानात जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दीचा दट्ट्या असतो. तो चांगल्या कानात घुमला तर आतला बिघाड असण्याची शक्यता असते, आणि मग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचे. ही घरगुती खूण आहे, निदान नव्हे. शंका असेल तरी जाच. ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढायला अर्धा तासही लागत नाही. कानात तेल, थेंब, काडी काहीही घालू नका.

आता तुमच्याकडे. राहिलेला एमआरआय करून घ्या. याबाबत मी आग्रही आहे. क्वचित कधी ऐकण्याच्या मज्जातंतूजवळ एक साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असते आणि तिची पहिली खूण अशीच, एका कानाने दिसते. बहुतेकांचा एमआरआय स्वच्छ येतो. तुमचाही तसाच यावा. पण तो न करता मनात शंका ठेवून जगणं बरं नाही. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. आणि सात महिने झालेत, तर ऑडिओग्राम नव्याने काढून घ्या, त्यासोबत शब्द ओळखण्याची चाचणीही करायला सांगा. नुसता आवाज येणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे यंत्राचा विचार करायचा तर दोन्हींची नोंद हाताशी हवी.

तुमच्या बायकोला ही पुढची गोष्ट वाचून दाखवा. लोकांना वाटतं, एक कान गेला म्हणजे निम्मं ऐकू येतं, किंवा दुसरा चांगला असल्याने सगळंच येतं. दोन्ही खरं नाही. आवाज कुठून आला हे मेंदूला कळतं ते दोन कानांमधल्या फरकावरून. उजवीकडचा आवाज डाव्या कानापर्यंत पोहोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि मेंदू तेवढा फरक मोजतो. तुमच्या मेंदूला आता मोजायला दुसरी बाजूच उरलेली नाही. म्हणून घरात वाजणारा मोबाइल तुम्हाला सापडत नसणार, कुकरची शिट्टी आपल्याकडची की शेजारची ते कळत नसणार. डाव्या बाजूने कोणी बोललं की मध्ये तुमचंच डोकं आडवं येतं, आणि ते सर्वांत जास्त अडवतं बारीक, उंच आवाज. स, श, च, त, फ हे ते आवाज. स्वर येतात, व्यंजनं गळतात. 'सात' आणि 'साठ' यांच्यात फरक तो काय, शेवटच्या एका व्यंजनाचा. तोच तुमच्यापर्यंत पोहोचला नाही. हे लक्ष नसल्याचं लक्षण नाही. उलट दिवसभर तुम्ही इतरांच्या दुप्पट लक्ष देत असता, गळलेल्या जागा अंदाजाने भरत असता, आणि संध्याकाळी घरी येता तेव्हा ऐकण्याची ताकदच संपलेली असते.

आता त्या 'हो हो'बद्दल.

माझ्या आईला साठीनंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागलं. जेवताना आम्ही भावंडं कशावर तरी हसायचो. ती विचारायची, 'काय झालं?' आणि आमच्यातलं कोणी तरी म्हणायचं, 'काही नाही गं, जाऊ दे.' वाईट हेतू नसायचा, पुन्हा सांगायचा कंटाळा असायचा. हळूहळू तिने विचारणं सोडलं. आम्ही हसलो की ती हसायची आणि तिला कळलंय असं आम्ही सोयीने धरून चालायचो. एका दिवाळीला मामाच्या आजारपणाचं बोलणं निघालं होतं. बोलता बोलता कोणाच्या तरी चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं असेल, ते पाहून आई मोठ्याने हसली. पंगत एकदम गप्प झाली. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग ताटातला भात चिवडू लागली. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, 'विचारायची लाज वाटते आणि न विचारल्याचीही.'

म्हणून सांगते, तुमच्या कानाने जेवढं नेलंय त्याहून जास्त ते 'हो हो' नेतंय. प्रत्येक खोट्या होकारानंतर तुम्हाला पुढे सावरून घ्यावं लागतं. आपण कशाला हो म्हणालो याची धास्ती राहते, आणि समोरच्याला वाटतं की यांना सगळं ऐकू येतं, फक्त करायचं नसतं. बायकोची तक्रार तिथूनच आलीय. तुम्ही लिहिता, लोकांनी बहिरा म्हणू नये म्हणून लपवतो. पण न सांगितल्यामुळे लोक तुम्हाला आज काय म्हणत असतील? 'हल्ली शिष्ट झालाय', 'हाक मारली तरी बघत नाही.' त्यांच्यासमोर चुकीची गोष्ट ठेवलीत तर ते तिच्यावरूनच मत बनवणार. चष्मा लागला की माणूस सहज सांगतो, कानाचं मात्र दडवतो. आपल्याकडे बहिऱ्या माणसावर इतके विनोद झालेत की त्या लाजेचं मूळ मला कळतं. पण ती लाज तुमची नाही, विनोद करणाऱ्यांची आहे.

सांगायचं कसं? लांबण लावू नका. 'डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, उजव्या बाजूने बोला' एवढंच. त्यात आजाराची कहाणी नाही, सहानुभूतीची मागणी नाही, आणि समोरच्याने काय करायचं ते मात्र नेमकं आहे. पहिल्या चार-पाच वेळा जीभ अडखळेल. सुरुवात सोप्या माणसापासून करा, चहावाला, शेजारी, केस कापणारा. आणि कळलं नाही तर नुसतं 'काय?' म्हणू नका, कारण समोरचा तेच वाक्य मोठ्याने फेकतो. जेवढं गळलं तेवढंच विचारा, 'कधी म्हणालात, शनिवारी की रविवारी?' त्याला कळतं की बाकीचं पोहोचलंय, आणि तो चिडत नाही.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, निदान आत्ता सोडू नका. भावाच्या दुकानात गिऱ्हाईक चारी बाजूंनी बोलणार, शिवाय रस्त्याचा गोंगाट. पतसंस्थेत तुमची जागा ठरलेली आहे, ती तुम्ही मांडून घेऊ शकता. उद्या सकाळी तुमच्या टेबलाकडे नव्या नजरेने बघा. नोटा मोजण्याचं यंत्र कुठे आहे? उजव्या हाताशी असेल, तर चांगल्या कानाशेजारी दिवसभर घरघर चालू असते. ते डावीकडे घ्या. खुर्ची थोडी फिरवा, म्हणजे खिडकीतून बोलणारा उजव्या अंगाला येईल आणि त्याचे ओठही दिसतील. टेबलपंखा असेल तर तोही डावीकडे. पिग्मी एजंटांकडून भरणा तोंडी घेणं बंद करा, यादी लिहूनच घ्या, आणि आकडा परत बोलताना सुटे अंक म्हणा, 'सात, शून्य, शून्य, शून्य.' खरं तर चांगला कान असलेल्या रोखपालानेही हेच करावं.

आणि व्यवस्थापकांना सांगा. पुढची चूक होण्याआधी, तुम्ही होऊन. रिकाम्या हाताने जाऊ नका, उपाय घेऊन जा: 'साहेब, डावा कान गेलाय, उपचार झालेत. काम नीट व्हावं म्हणून मला एवढे तीन बदल हवेत.' चूक सापडल्यावर दिलेलं कारण लोकांना सबब वाटतं. आधी सांगितलं तर तीच जबाबदारी दिसते. ते समजूतदार निघतीलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. तुम्ही त्यांना ओळखता, तेव्हा वेळ आणि शब्द तुम्हीच निवडा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण अनेक जण विचारतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऐकण्याच्या अक्षमतेची व्याख्या दोन्ही कान धरून केली आहे: दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे 'कमी ऐकू येणारे', दोन्हींत ७० डेसिबल घट म्हणजे 'कर्णबधिर'. एक कान चांगला असेल तर सवलतींसाठी लागणारं ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळण्याची आशा धरू नका. याच कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आणि सरकारी अनुदानित आस्थापना काढून टाकू शकत नाहीत किंवा पदावनत करू शकत नाहीत. पतसंस्थेत त्या कलमाचा आधार तसा मिळत नाही, म्हणून तर मोकळं बोलून घेणं जास्त गरजेचं.

यंत्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बहुधा 'एक कान तर आहे' म्हणून. तरी विचार करा. डाव्या कानात थोडं ऐकणं आणि शब्दांची ओळख शिल्लक असेल तर साधं श्रवणयंत्र चालू शकतं. काहीच उरलं नसेल तर 'क्रॉस' नावाचा प्रकार असतो. डाव्या कानावरचा छोटा माइक आवाज टिपतो आणि बिनतारी पद्धतीने उजव्या कानावरच्या यंत्राकडे पाठवतो. दिशा त्यानेही कळत नाही, पण डावीकडून बोललेलं गळत नाही. हाडावाटे आवाज नेणारी यंत्रं आहेत, शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायचं कॉक्लियर इम्प्लांटही आहे. त्यांचा खर्च आणि शस्त्रक्रिया यांचा विचार तज्ज्ञांशी बसून करावा लागतो. कुठलंही यंत्र दुकानात पाच मिनिटं लावून घेऊ नका. काही दिवस वापरून पाहायला मिळेल का ते विचारा, आणि काउंटरवर, घरी, बाजारात लावून बघा. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासून. तपासणी आणि सल्ला दोन्ही तिथे मिळतात, एक खेप जरूर करा. तोवर मोबाइलवर बोलणं ऐकून अक्षरांत उमटवणारी ॲप वापरा. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतही चालतं. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवायला बरं पडतं.

घरच्यांसाठी थोडंच. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. आधी नाव घ्यायचं, समोर यायचं, मग बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडण्याने शब्द फाटतो. मिक्सर आणि टीव्ही चालू असताना महत्त्वाचं काही सांगायचं नाही. आणि 'काही नाही, जाऊ दे' हे शब्द घरातून हद्दपार करायचे.

ती किर्र शांततेत जास्त टोचते, रात्री तर फारच. झोपताना पंखा किंवा अगदी बारीक आवाजात रेडिओ चालू ठेवा. मेंदूला दुसरं काही तरी मिळालं की किर्र मागे सरते. बहुतेकांना काही महिन्यांत तिची सवय होते. उजव्या कानाला आता जपायचं. वरातीतल्या डीजेच्या भिंतीजवळ थांबायचं नाही, गेलातच तर कानात बोळे घालून. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की आधी कानाचं सांगायचं, कारण जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी काही इंजेक्शनं कानाला बाधू शकतात. आणि उजव्या कानात जरा जरी बदल वाटला, तर या वेळी तीन आठवडे नाही, त्याच दिवशी. रस्त्याने चालताना उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसते. मोटारसायकलला दोन्ही आरसे हवेत.

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठावंसं वाटत नाही. सात महिन्यांत एवढं गेल्यावर दुःख होणारच, आणि एकच कान गेलाय म्हणून ते लहान होत नाही. पण ते कमी न होता वाढत चाललं असेल, जगण्याचाच कंटाळा वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. उजव्या कानाने बोला, आणि अडलं तर सांगा की ऐकायला त्रास होतो.

शेवटी भजनाचं. टाळांचा आवाज टोचतो म्हणून तुम्ही जाणं सोडलंत. दुखावलेल्या कानाला मोठा, तीक्ष्ण आवाज जास्तच बोचतो, त्यात नवल नाही. पण बसायची जागा बदलून पाहिलीत का? देवळात अशा बाजूला बसा, की पेटी उजव्या हाताला येईल आणि टाळकरी डाव्या अंगाला. उजव्या कानात हलकासा बोळा ठेवा. पहिल्या गुरुवारी अर्धा तासच बसा. बुवांना आधी सांगून ठेवा, की धरायची खूण त्यांनी हाताने करावी, कारण डावीकडून आलेली हाक तुम्हाला ऐकू येणार नाही.